ब्रूस डिकिन्सन आणि आयर्न मेडन : दौऱ्यांनी गायकाला घडवले की थकवले?

अश्वत्थ

आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडच्या गायकाविषयी, म्हणजे ब्रूस डिकिन्सनविषयी, येथील जाणकारांना काही विचारायचे आहे. माझी भाची या बँडची निस्सीम चाहती आहे. तिच्याशी बोलताना विषयाची निदान तोंडओळख असावी म्हणून मी वाचायला घेतले आणि वाचता वाचता गाण्यापेक्षा त्या माणसाच्या आयुष्यातच अधिक गुंतलो. इतिहासाचा पदवीधर, तलवारबाज, प्रवासी विमानाचा वैमानिक आणि घशाच्या तोंडाशी झालेल्या कर्करोगातून बरा होऊन पुन्हा उभा राहिलेला गायक, अशी ही कहाणी कोणत्याही चरित्रकाराला मोहात पाडील. पण मला जे समजून घ्यायचे आहे ते याहून बरेच साधे आहे.

हा बँड त्याने स्थापन केलेला नाही. तो आला त्यापूर्वी बँडचे दोन अल्बम निघाले होते आणि त्या अल्बमांवर गाणाऱ्या गायकाचा स्वतःचा चाहतावर्ग होता. असे असताना हा नवा माणूस वर्षभरात बँडचा आवाज म्हणून सर्वमान्य कसा झाला? दुसरे असे की, १९८४-८५ च्या त्यांच्या जगभरच्या दौऱ्याचा उल्लेख चाहते अभिमानाने करतात, तर बँडमधली मंडळी त्याविषयी बोलताना थकव्याचाच सूर लावतात. त्या अकरा महिन्यांत असे काय घडले? तिसरी शंका आवाजाची आहे. मी हिंदुस्थानी संगीत ऐकत वाढलो. आपल्याकडे गायक स्वतःच्या गळ्याला मानवेल ती पट्टी धरतो आणि साथ त्याच्या मागून चालते. विद्युत गिटारी आणि ड्रम्स यांच्या गदारोळात रोज रात्री पावणेदोन-दोन तास तार सप्तकात गाणाऱ्या माणसाचा गळा चाळीस वर्षे टिकतो कसा?

चित्रफिती भाची दाखवतेच. मला घटनांचा क्रम आणि त्यामागची कारणे हवी आहेत. कोणी सवडीने सविस्तर लिहिले तर आभारी राहीन.

शेफील्डकर

मी अनेक वर्षे शेफील्डमध्ये राहतो, त्यामुळे सुरुवातीच्या भागापुरते लिहितो. पुढचे इतरांनी सांगावे.

डिकिन्सनचा जन्म ७ ऑगस्ट १९५८ रोजी नॉटिंगहॅमशायरमधल्या वर्कसॉप या गावी झाला. हा सगळा टापू त्या काळी कोळशाच्या खाणींवर जगत होता आणि त्याचे आजोबाही मँटन येथील खाणीत कामाला होते. आई-वडील अगदी तरुण होते आणि कामधंद्यासाठी शेफील्डला गेले होते, म्हणून मुलगा पहिली काही वर्षे आजी-आजोबांकडेच वाढला. पुढे आई-वडिलांनी घरे विकत घेऊन, डागडुजी करून विकण्याचा उद्योग केला, हाती थोडा पैसा आला आणि त्यांनी मुलाला औंडल येथील निवासी शाळेत घातले. कामगारवस्तीतून आलेल्या मुलाला अशा शाळेत जे सोसावे लागते ते त्यालाही सोसावे लागले. मोठी मुले छळत असत आणि त्याविषयी त्याने पुढे मोकळेपणाने सांगितले आहे.

याच शाळेत त्याच्या कानावर डीप पर्पल हा ब्रिटिश रॉक बँड पडला. त्याचा गायक इयन गिलन याचा तो चढत जाणारा आवाज ऐकूनही याला वेड लागले ते ड्रम्सचे. गाण्याकडे तो वळला तो जवळजवळ अपघातानेच. शाळेच्या संगीतखोलीतले बोंगो घेऊन मित्रासोबत बीटल्सचे ‘लेट इट बी’ वाजवताना आपला आवाज वरच्या सुरांना सहज पोहोचतो, हे त्या मित्राच्या आणि मग त्याच्या स्वतःच्या लक्षात आले. औंडलचे दिवस मात्र फार टिकले नाहीत. मुख्याध्यापकांच्या जेवणात लघवी मिसळण्याच्या खोडीत सहभागी झाल्याबद्दल त्याला काढून टाकण्यात आले. चाहते हा प्रसंग मिटक्या मारत सांगतात. मला त्यात मिटक्या मारण्यासारखे काही दिसत नाही, पण त्यामुळे तो शेफील्डला परतला आणि १९७६ साली येथल्या ब्रॉडफील्ड टॅव्हर्न या पबमध्ये त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला, हे खरे. त्या बँडचे नाव स्टिक्स होते. त्याच नावाच्या प्रसिद्ध अमेरिकन बँडशी त्याचा काही संबंध नाही. ॲबीडेल रस्त्यावरची ती इमारत आजही उभी आहे आणि तेथे आजही पबच चालतो.

नंतर तो लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात इतिहास शिकायला गेला. तेथे स्पीड आणि मग शॉट्स अशा छोट्या बँडांत तो गात राहिला. शॉट्समधला एक प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. एका पबमध्ये श्रोते थोडके आणि तेही आपापल्या पेल्यांत मग्न होते, तेव्हा त्याने गाणे मध्येच थांबवून समोरच्या एका माणसाचीच फिरकी घ्यायला सुरुवात केली. सगळ्या पबचे लक्ष वळले. पबच्या मालकाला ते इतके आवडले की पुढच्या वेळीही तसेच व्हावे अशी अपेक्षा निर्माण झाली. समोरच्या माणसाला बोलते करून गर्दी ताब्यात घेण्याची जी हातोटी पुढे लाखालाखाच्या मैदानांत दिसली, तिची सुरुवात अशी अर्ध्या रिकाम्या पबमध्ये झाली.

काळा सदरा

शेफील्डकरांनी उत्तम पाया घातला आहे. मी बँडकडून सुरुवात करतो, कारण अश्वत्थ यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिकडूनच मिळते.

आयर्न मेडन हा स्टीव्ह हॅरिस या बास गिटारवादकाचा बँड आहे आणि प्रारंभापासून आजपर्यंत तो त्याचाच राहिलेला आहे. १९७५ च्या नाताळात त्याने तो पूर्व लंडनमधल्या लेटन भागात स्थापन केला. हॅरिस तरुणपणी वेस्ट हॅम फुटबॉल क्लबच्या युवा संघातून खेळलेला, शिस्तीचा आणि हट्टी माणूस. पहिली तीन-चार वर्षे स्ट्रॅटफर्डचे कार्ट अँड हॉर्सेस, ईस्ट हॅमचे रस्किन आर्म्स अशा पबमधून बँड वाजवत होता. गायक येत-जात होते, गिटारवादक बदलत होते आणि हॅरिस मात्र स्वतःची गाणी वाजवण्याचा आग्रह सोडत नव्हता. पंक या बंडखोर रॉक प्रकाराची लाट जोरात असताना पंकसारखे वाजवा, केस कापा, असे सल्ले त्यांना मिळत होते. १९७८ च्या अखेरीस केंब्रिजच्या एका स्टुडिओत त्यांनी काही गाणी मुद्रित केली. नील के नावाच्या डीजेने आपल्या किंग्जबरीच्या ठिकाणी ती वाजवायला घेतली आणि ती लोकप्रिय झाली. पुढल्या वर्षी ‘द साउंडहाउस टेप्स’ या नावाने तबकडी काढून तिच्या पाच हजार प्रती त्यांनी टपालाने विकल्या, आणि त्या वर्षाअखेरीस ईएमआय या कंपनीशी करार झाला. दौऱ्यांची सवय याच काळातली आहे. ‘ग्रीन गॉडेस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या ट्रकमध्ये वाद्ये आणि माणसे दोन्ही असत आणि रात्री झोपणेही त्यातच होई.

पहिल्या दोन अल्बमांवर पॉल डिॲनो गायला. त्याचा आवाज राकट आणि रस्त्यावरचा होता, आणि त्या गाण्यांना तो शोभतही होता. आजही अनेक जुने श्रोते त्याच आवाजाला खरा मेडन मानतात. अडचण गाण्याची नव्हती, दौऱ्याची होती. १९८१ च्या दौऱ्यात मद्य आणि कोकेन यांमुळे त्याची प्रकृती ढासळत गेली, काही कार्यक्रम रद्द करावे लागले, आणि एका रात्रीच्या कार्यक्रमातही जो माणूस शेवटपर्यंत पोहोचेल याची खात्री नाही, त्याच्या भरवशावर वर्षभराचा प्रवास आखता येणार नाही, हे हॅरिस आणि व्यवस्थापक रॉड स्मॉलवूड यांना कळून चुकले.

डिकिन्सन तेव्हा सॅमसन या बँडमध्ये ‘ब्रूस ब्रूस’ या टोपणनावाने गात होता. त्या बँडचा ड्रमवादक मुखवटा घालून पिंजऱ्यात बसून वाजवत असे, यावरून त्यांच्या एकंदर थाटाची कल्पना यावी. ऑगस्ट १९८१ मध्ये रेडिंग महोत्सवात सॅमसनचा कार्यक्रम पाहून स्मॉलवूडने त्याला चाचणीसाठी बोलावले. चाचणी द्यायला आपण येऊ आणि जागाही मिळवू, पण आपण मुकाट्याने वागणाऱ्यांतले नाही, अशा आशयाचे त्याने तेथल्या तेथे सुनावले, असे तो स्वतःच सांगतो. २६ ऑक्टोबर १९८१ रोजी इटलीतल्या बोलोन्या येथे तो आयर्न मेडनसोबत प्रथम रंगमंचावर आला.

सर्वमान्यता मिळाली ती मार्च १९८२ मध्ये आलेल्या ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ या अल्बमने. तो ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. हॅरिस ज्या लांबलचक, वळणावळणाच्या, गोष्ट सांगणाऱ्या गाण्यांच्या मागे होता, ती पेलणारा गळा त्याला आता मिळाला होता. खरे सांगायचे तर गळा मिळाला म्हणून गाणीही अधिक मोठी झाली. एक गंमत अशी की या अल्बमवर डिकिन्सनचे नाव गीतकार म्हणून कोठेही नाही, कारण सॅमसनच्या व्यवस्थापनाशी झालेल्या जुन्या कराराची अडचण होती. दोघांचे संबंध मात्र सुरुवातीला गोड नव्हते. रंगमंचाच्या मधोमध, अगदी पुढे उभे राहण्याची हॅरिसला सवय होती आणि गायक म्हणून ती जागा आपलीच आहे असे डिकिन्सनला वाटत होते. या एका जागेवरून त्यांची अक्षरशः ढकलाढकली चाले.

आता १९८४-८५ विषयी. हा दौरा ९ ऑगस्ट १९८४ रोजी वॉर्सा येथे सुरू झाला आणि ५ जुलै १९८५ रोजी कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन येथे संपला. या अकरा महिन्यांत १८० हून अधिक कार्यक्रम झाले. पोलंड, हंगेरी, युगोस्लाव्हिया या तेव्हाच्या साम्यवादी देशांत रंगमंचाचे पूर्ण नेपथ्य घेऊन जाणे ही त्या वेळी मोठीच गोष्ट होती. पोझनानमध्ये ही मंडळी एका अनोळखी लग्नाच्या मेजवानीत जाऊन वाजवून आली, हे चित्रित झालेले आहे. जानेवारी १९८५ मध्ये रिओच्या महोत्सवात तीन लाखांच्या घरातल्या गर्दीसमोर ध्वनिव्यवस्थेवर चिडून आदळआपट करताना डिकिन्सनच्या कपाळाला गिटार लागली आणि तो रक्ताळलेल्या चेहऱ्याने गात राहिला. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमधले काही कार्यक्रम त्याच्या आजारपणामुळे रद्द झाले. तारखा वाढतच होत्या. मार्चमध्ये लाँग बीच येथे सलग चार रात्री झालेले कार्यक्रम ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ या अल्बमवर ऐकायला मिळतात. ते ऐकताना हा माणूस थकलेला आहे असे वाटत नाही, आणि मला वाटते हेच त्या दौऱ्याचे सर्वांत क्रूर लक्षण आहे.

थकवा दिसला तो नंतर. पुढच्या अल्बमसाठी डिकिन्सनने ध्वनिक वाद्यांवरची, वेगळ्या वळणाची गाणी आणली आणि हॅरिसने ती नाकारली. हा सगळ्यांत जास्त पोळलेला आहे, असे हॅरिसचे मत होते. म्हणून १९८६ च्या ‘समव्हेअर इन टाइम’वर त्याचे एकही गाणे नाही. त्याच अल्बमवरचे ‘वेस्टेड इयर्स’ हे बँडमधला गिटारवादक एड्रियन स्मिथ याचे गाणे सततच्या प्रवासात घराला पारखे झालेल्या माणसाचे आहे, हा योगायोग म्हणता येणार नाही.

खर्ज

आवाजाच्या प्रश्नावर लिहितो. मी हिंदुस्थानी गायन शिकलो आहे आणि तरुणपणी मेटलही भरपूर ऐकले आहे, म्हणून दोन्हीकडचे थोडे सांगू शकेन.

पहिली गोष्ट म्हणजे हे ओरडणे नव्हे. मेटलमध्ये घसा खरवडून गाण्याचे प्रकार आहेत, पण डिकिन्सनचा मार्ग तो नाही. त्याचा आवाज मोकळ्या स्वरांचा, छातीतून उचलून वर नेलेला आणि मोठ्या श्वासावर उभा असलेला आहे; इयन गिलन, आर्थर ब्राउन, पीटर हॅमिल ही त्याची आवडती माणसे, म्हणजे नाट्यमय गाणाऱ्यांची परंपरा. तलवारबाजीचा येथे प्रत्यक्ष उपयोग झाला असावा असे मला नेहमी वाटते, कारण त्या खेळात पाय, पोट आणि श्वास यांची जी शिस्त लागते तीच रंगमंचावर धावत गाणाऱ्यालाही लागते. शाळेत शिकलेला हा खेळ त्याने दौऱ्यांतही सोडला नाही आणि एके काळी ब्रिटनच्या क्रमवारीत तो पहिल्या दहांत होता.

दुसरी गोष्ट, हा आवाज घडवण्यात निर्माता मार्टिन बर्च याचा वाटा मोठा आहे. ‘द नंबर ऑफ द बीस्ट’च्या शीर्षकगीताच्या सुरुवातीच्या कुजबुजत्या चार ओळी त्याने डिकिन्सनकडून तासन् तास गाऊन घेतल्या. स्वर चुकत नव्हता, पण बर्चला त्यात धार हवी होती. वैतागलेल्या डिकिन्सनने खोलीतले सामान भिरकावले, आणि त्या ओळींनंतर जी लांब किंकाळी येते तिच्यात तो वैताग भरलेला आहे, असे त्याने सांगितले आहे. गुरूने एकाच पलट्यावर आठवडाभर बसवून ठेवल्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

तिसरी आणि माझ्या मते खरी अडचण पट्टीची आहे. अश्वत्थ म्हणतात त्याप्रमाणे आपल्याकडे वय वाढले की गायक अर्धा-एक स्वर खाली येतो आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. अनेक रॉक बँडही उतारवयात गिटारी खाली लावतात. मेडनने मात्र जुनी गाणी प्रायः मूळ पट्टीतच वाजवणे चालू ठेवले. डिकिन्सन १९९३ मध्ये बाहेर पडल्यावर आलेल्या ब्लेझ बेली या गायकाची कोंडी नेमकी येथेच झाली. त्याचा आवाज मुळात खालच्या सप्तकाचा, भारदस्त आणि स्वतःच्या गाण्यांत चांगला शोभणारा होता. पण रोज रात्री दुसऱ्याच्या गळ्यासाठी बांधलेली गाणी त्याच पट्टीत गावी लागत आणि त्याच्या काळात आवाजाच्या तक्रारींमुळे कार्यक्रम रद्द होण्याचे प्रसंग वारंवार आले. लोकांनी त्याला दोष दिला. तो अन्यायच होता.

तेव्हा गळा टिकण्याचे कारण एकटे तंत्र नाही. १९८५ नंतर इतक्या कार्यक्रमांचा दौरा या बँडने पुन्हा केला नाही, आणि कार्यक्रमांमध्ये विश्रांतीचे दिवस ठेवणे ही त्यांची पुढे रीत झाली. गळा हा शेवटी स्नायूच आहे. त्याला मधला दिवस लागतो.

अश्वत्थ

तिघांचेही मनापासून आभार. चित्र बरेच स्पष्ट झाले. मग आता साहजिकच पुढची शंका अशी की, ज्या माणसाला दौऱ्यांनी इतके पोळले, त्यानेच पुढे बँडसाठी विमान चालवून अधिक लांबचे दौरे का करावेत? शिवाय १९९३ मध्ये सोडून जाणे आणि परत येणे यांविषयी कोणी लिहिलेले नाही. २००८ मध्ये ते विमान मुंबईलाही आले होते, असे भाची सांगते.

धावपट्टी

विमान वाहतुकीच्या तांत्रिक बाजूत माझी नोकरी झाली, म्हणून विमानापुरते मी सांगतो.

डिकिन्सन विमान चालवायला शिकला तो फ्लोरिडात, नव्वदच्या दशकात, आणि पुढे ॲस्ट्रियस या ब्रिटिश चार्टर कंपनीत तो बोइंग ७५७ चा वैमानिक झाला. हा हौशी प्रकार नव्हता. २००६ मध्ये लेबननमधल्या युद्धाच्या वेळी तेथून बाहेर पडलेल्या ब्रिटिश नागरिकांना परत आणणाऱ्या विमानावर तो होता, आणि २००८ मध्ये एक्सएल ही प्रवासी कंपनी बुडाल्यावर इजिप्तमध्ये अडकलेल्या पर्यटकांना आणण्याच्या कामावरही तो गेला होता. दौऱ्यांच्या मधल्या काळात तो पगारी नोकरी करत होता.

बँडच्या विमानामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. एखाद्या बँडला ऑस्ट्रेलिया, जपान, दक्षिण अमेरिका असा दौरा करायचा असेल तर माणसे प्रवासी विमानाने जातात आणि सामान मालवाहू विमानाने किंवा जहाजाने जाते. दोन्हींचे वेळापत्रक जुळेपर्यंत दिवस फुकट जातात आणि मालवाहतुकीचा खर्च इतका असतो की मधल्या देशांतले कार्यक्रम परवडत नाहीत. म्हणून ॲस्ट्रियसच्या एका ७५७ मधल्या मागच्या भागातली आसने काढून तेथे वाद्ये आणि नेपथ्य ठेवण्याची सोय करण्यात आली. सुमारे १२ टन सामान, बँड आणि तंत्रज्ञ एकाच विमानात बसू लागले. त्याला ‘एड फोर्स वन’ असे नाव पडले. आसने काढून माल ठेवणे वाटते तितके सोपे नसते. विमानाच्या आतल्या जमिनीची भारक्षमता, आगीपासूनचे संरक्षण आणि माल व प्रवासी यांमधला आडपडदा या सगळ्यांना मान्यता घ्यावी लागते आणि त्यात बराच वेळ जातो.

१ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत पहिला कार्यक्रम करून हा दौरा सुरू झाला. लंडनजवळच्या स्टॅन्स्टेड विमानतळावरून निघालेले विमान बाकू येथे इंधन घेऊन मुंबईला पोहोचले, कारण एवढ्या भारासह ७५७ ला हे अंतर एका दमात कापणे कठीण. पुढे ऑस्ट्रेलिया, जपान, अमेरिकेचा पश्चिम किनारा, मेक्सिको, कोस्टारिका, कोलंबिया, ब्राझील, अर्जेंटिना, चिली असे करत दीड महिन्यात ते टोरांटोला पोहोचले. कार्यक्रम आटोपून हा माणूस त्याच घामाने थेट वैमानिकाच्या आसनावर बसत असेल, अशी अनेकांची समजूत असते. वैमानिकाच्या कामाच्या तासांचे आणि सक्तीच्या विश्रांतीचे नियम त्याला मुभा देत नाहीत आणि दिलीही नसती. सोबत ॲस्ट्रियसचे इतर वैमानिक असत. माझा तर्क असा की या नियमांचा गायकाला फायदाच झाला असेल: वैमानिकाला विश्रांती देणे कायद्याने भाग होते, आणि ती आपसूक गळ्यालाही मिळत होती.

२०१६ मध्ये त्यांनी याहून मोठे, बोइंग ७४७-४०० घेतले आणि डिकिन्सनने त्या प्रकारच्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण पूर्ण केले. त्या दौऱ्यात सँतियागो विमानतळावर विमान ओढून नेताना खेचणाऱ्या वाहनाशी टक्कर झाली, दोन इंजिने नादुरुस्त झाली आणि जमिनीवरचे दोन कर्मचारी जखमी झाले. अर्जेंटिनातल्या कॉर्दोबाचा पुढचा कार्यक्रम तरीही ठरल्या दिवशी झाला.

वांद्रे पूर्व

२००८ च्या त्या कार्यक्रमाला मी होतो, म्हणून थोडी भर घालतो. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीएच्या मैदानावर तो झाला. आदल्या वर्षी मार्चमध्ये ते बंगळूरुला येऊन गेले होते आणि मुंबई-पुण्याची बरीच मंडळी तेव्हा रेल्वेने तिकडे गेली होती. इतक्या मोठ्या बँडने हेवी मेटलचा पूर्ण कार्यक्रम आपल्याकडे करणे ही तोवर दुर्मीळ बाब होती. आमच्या पिढीने हे संगीत हातोहात फिरणाऱ्या कॅसेटींवरून ऐकले. रंगभवनवर होणाऱ्या ‘इंडिपेंडन्स रॉक’मध्ये आपली मुले मेडनची गाणी वाजवत, तीही अनेकांना मूळ गाण्याच्या आधी ऐकायला मिळालेली असत.

त्या दौऱ्यात ऐंशीच्या दशकातलीच गाणी प्रामुख्याने होती. चर्चिलच्या भाषणाच्या ध्वनिफितीने सुरुवात झाली आणि ‘एसेस हाय’ सुरू झाले. त्या रात्रीचा आवाज तपशीलवार आठवतो असा दावा मी करणार नाही. गर्दीत उभे राहून सूर तपासणे शक्य नसते. आठवते ते एवढेच की तेरा मिनिटांहून लांब असलेल्या ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ या गाण्याच्या संथ मधल्या भागात एवढे मोठे मैदान शांत राहिले, आणि ते शांत ठेवणारा माणूस तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता. खर्ज यांनी पट्टीचे लिहिले आहे ते वाचल्यावर त्या गोष्टीचे मोल मला आज अधिक वाटते.

काळा सदरा

१९९३ चे राहिले होते. बँड सोडण्यामागे एकटा थकवा होता असे मी म्हणणार नाही. १९९० मध्ये त्याने स्वतःच्या नावाने पहिला अल्बम काढला होता आणि बँडच्या चौकटीबाहेर आपण काय करू शकतो, याची उत्सुकता त्याला लागली होती. आयर्न मेडनमध्ये तोच तो क्रम सुरू होता: अल्बम, दौरा, अल्बम, दौरा. सोडण्याचे ठरल्यानंतरही एक निरोपाचा दौरा त्याला करावा लागला आणि तो फार कडवट झाला. जाणाऱ्या माणसासोबत रोज रात्री हसतमुखाने वाजवणे कोणालाच जमले नाही, आणि तो मन लावून गात नाही, अशी हॅरिसची तक्रार होती. ऑगस्ट १९९३ मध्ये तो शेवटचा गायला.

पुढच्या काळात त्याने केलेला एक प्रवास मला सर्व मोठ्या दौऱ्यांहून थोर वाटतो. डिसेंबर १९९४ मध्ये, बोस्नियातल्या युद्धात साराजेव्होला वेढा पडलेला असताना, तो आपला छोटा बँड घेऊन तेथे गेला. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने हवाई मार्गाने जाण्याचा बेत फसल्यावर ही मंडळी मदतकार्य करणाऱ्या एका गटाच्या ट्रकमधून इगमान डोंगरावरच्या धोक्याच्या रस्त्याने रात्रीची शहरात शिरली. तेथल्या सभागृहात कार्यक्रम झाला, आणि पुढे त्या शहराने त्याला मानद नागरिकत्व दिले. तेथे तिकीटविक्रीचा किंवा अल्बम खपवण्याचा हिशोब नव्हता. मेडनमधून बाहेर पडला नसता तर हा प्रवास घडला असता असे मला वाटत नाही.

१९९९ मध्ये तो आणि १९९० मध्ये बँड सोडून गेलेला एड्रियन स्मिथ दोघेही परत आले. हॅरिसला आरंभी शंका होती. हा नक्की का परत येत आहे, हे त्याला समोरासमोर बसून जाणून घ्यायचे होते. परतीच्या आधी डिकिन्सनचे ‘ॲक्सिडेंट ऑफ बर्थ’ आणि ‘द केमिकल वेडिंग’ हे दोन स्वतंत्र अल्बम गाजले होते, त्यामुळे तो लाचार होऊन आला, असे कोणी म्हणू शकत नव्हते. तिसरा गिटारवादक यानिक गर्स याला न काढता बँड सहा जणांचा झाला. दौऱ्यांची आखणी बदलली, आणि धावपट्टी यांनी सांगितलेले विमान हे त्याच बदलाचे पुढचे टोक. त्यामुळे अश्वत्थ यांच्या ‘का’चे माझे उत्तर असे की, त्याला दौरा नकोसा नव्हता, दुसऱ्यांनी ठरवलेल्या तारखांमागे फरफटत जाणे नकोसे होते.

कर्करोगाविषयी थोडक्यात. २०१४ मध्ये पॅरिस येथे ‘द बुक ऑफ सोल्स’चे ध्वनिमुद्रण झाले, त्यानंतर त्याच्या जिभेच्या मुळाशी गाठ असल्याचे निदान झाले, म्हणजे तो अल्बम गाठ असतानाच गायलेला आहे. त्यावरचे १८ मिनिटांचे ‘एम्पायर ऑफ द क्लाउड्स’ हे त्याने पियानोवर रचलेले गाणे आर-१०१ या ब्रिटिश हवाई जहाजाविषयी आहे, जे १९३० मध्ये कराचीला निघाले असता फ्रान्समध्ये कोसळले. रसायनोपचार आणि किरणोपचार सुमारे सात आठवडे चालले आणि मे २०१५ मध्ये तो रोगमुक्त असल्याचे जाहीर झाले. आपल्या आजाराचे कारण एचपीव्ही हा विषाणू होता, हेही त्याने लपवले नाही. पुरुषांनी मानेतल्या गाठींकडे दुर्लक्ष करू नये, असे तो तेव्हापासून मुलाखतींतून सांगत आला आहे. उपचारांनंतर गळा बरा होण्यास वेळ द्यावा म्हणून बँड थांबला आणि दौरा फेब्रुवारी २०१६ मध्येच सुरू झाला. १९८५ मध्ये हे घडले नसते.

भाचीसोबत ऐकायचे असेल तर ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ आणि २००१ मध्ये रिओला मुद्रित झालेला कार्यक्रम असे दोन्ही लागोपाठ ऐका. दोन्हींत समान असलेली गाणी निवडा, म्हणजे मधल्या सोळा वर्षांत आवाजात काय बदलले ते खर्ज यांच्या मदतीशिवायही तुमच्या कानांना कळेल.